आण्णा, खराद फिरला

आण्णा, तुमचा खराद फिरला. परवा दुपारी फिरला. त्याची घरघर वेशीपर्यंत गेली, अर्ध्या गावानं येऊन बघितलं, फक्त तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. म्हणून इथं सपरात त्याच्याशेजारी बसले आहे. पण गोड बोलायला बसले नाही, हे आधीच सांगते. तेराव्याला आलेल्या बायका म्हणाल्या, "शेवंता, एकदा रडून घे, मोकळी हो." मला रडू येत नाही, आण्णा. मला तुमचा राग येतो.

आज्यानं सोलापूरच्या कुठल्या गिरणीतून भंगारात निघालेला, लाकूड कातायचा हा लोखंडी खराद बैलगाडीत घालून आणला होता. तेरणा नदीच्या उतारावर गाडीचा आख मोडला आणि आजा खरादाला धरून तसाच पाण्यात उभा राहिला, ही गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितली की मला तो आजा डोळ्यांनी बघितल्यासारखा वाटतो. पायानं पाटी दाबायची, चाक फिरायचं, पट्टा ओढला जायचा आणि डाव्या अंगाला लाकूड गरगर फिरायला लागायचं. उजव्या अंगाला लोखंडी मुंडकं. त्याच्यात मळसूत्र, मळसूत्राच्या पुढं टोक, मागं हातानं फिरवायचं लहान चाक. चाक फिरवलं की टोक पुढं सरकायचं आणि लाकूड दाबून धरायचं. ते मळसूत्र फिरलं नाही तर लाकूड धरता येत नाही. आणि लाकूड धरता आलं नाही तर खराद म्हणजे नुसता लोखंडाचा ढीग.

त्या खरादावर आपलं घर चाललं. पाळण्याचे खूर, रव्या, लाटणी, लाखेचा रंग दिलेले खुळखुळे. येरमाळ्याला येडाईच्या जत्रेत आपलं पाल लागायचं आणि परतताना गाडी रिकामी असायची. बलुत्याच्या नांगर-कुळवावर पोट भरत नव्हतं, खरादावर भरत होतं. हे मी तुम्हाला काय सांगणार.

नवऱ्यानं दुसरी केली आणि मी माघारी आले, तेव्हा तुम्ही एका शब्दानं टोचलं नाही. त्याचं मी जन्मभर नाव काढीन. माय रडली, भावकीनं तोंडं वाकडी केली. तुम्ही एवढंच म्हणालात, "आलीस ते बरं झालं. माझा गुडघा दुखतोय, पाटी मारायला माणूस पाहिजेच होतं." मी पाटी मारायला लागले. तुम्ही पटाशी धरायचात, मी पाय चालवायचे. पण पटाशी माझ्या हातात कधी दिली नाहीत. मी मागितली की म्हणायचात, "बाईनं पटाशी धरली तर गाव हसंल." मी म्हणायचे, हसू द्या. तुम्ही म्हणायचात, बघू. हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. एकदा तुम्ही लोहाऱ्याच्या बाजाराला गेलात तेव्हा मी एकटीनं पाटी मारत एक लाटणं उतरवलं आणि तुमच्यासमोर ठेवलं. तुम्ही त्याच्यावरून अंगठा फिरवलात. बराच वेळ फिरवलात. मग म्हणालात, "एका टोकाला जाड राह्यलंय." पण ते लाटणं तुम्ही विकलं नाहीत. माय भाकरी सोडून सगळं त्यानंच लाटायची.

आणि मग त्या उन्हाळ्यात तुम्ही एका सकाळी म्हणालात, "मळसूत्र धरलं, फिरंना. खराद संपला."

मी म्हणाले, घासलेट सोडू. तुम्ही म्हणालात, सोडलं. मी म्हणाले, मग गरम करू. तुम्ही म्हणालात, "हात लावू नको. ओतीव बिडाचं मुंडकं हाय, तडकंल." मी तरी चाकाला हात घातला, तर तुम्ही माझं मनगट धरून बाजूला केलंत. उभ्या जन्मात तुम्ही माझ्यावर हात टाकला नव्हता, त्या दिवशी मनगट दुखेपर्यंत धरलंत. मग खरादावर गोणपाट टाकलंत आणि वर भुशाची पोती रचलीत.

ते दिवस कसले होते ते सगळ्यांना माहीत आहे. निजामाचं राज्य जायला लागलं होतं आणि जाता जाता ज्याच्या हातात हत्यार तो राजा झाला होता. लेव्हीचं धान्य घरातून उचललं जायचं. अशा वेळी घरातलं एकुलतं एक चालतं यंत्र तुम्ही झाकून ठेवलंत आणि उंबऱ्यावर बसून वाकसानं नांगराचे दांडे तासत राहिलात. माझा भाऊ दामू सोलापूरला गिरणीत, त्याचंच त्याला पुरत नव्हतं. माय लोकांच्या रानात खुरपायला जायला लागली. तिला आधीच खोकला. मी म्हणायचे, माय, मी जाते, तू बस. ती म्हणायची, दोघी गेलो तर दोघींचं येईल. भर दुपारी बांधावर बसून खोकताना ती मला विचारायची, "तुझ्या बापानं धंदा का सोडला गं? आळशी तर न्हवता." मला काय माहीत, आण्णा? मी म्हणायचे, म्हातारपण.

भर पावसाळ्यात माय गेली. जाण्याआधी तिनं तुम्हाला विचारलं होतं, मी तिथंच होते, "खराद कधी सुरू करताव?" तुम्ही म्हणालात, "बघू." त्या बाईला तुम्ही मरतानासुद्धा 'बघू' म्हणालात.

ती गेल्यावर थोड्याच दिवसांत गढीवरचा मुकादम आला. सोबत निजामाची बंदूकवाली माणसं. त्याला बाभळीचे सोटे पाहिजे होते आणि भाल्यांना दांडे, एकसारखे, गाडीभर. तुम्ही हात जोडून म्हणालात, "मालक, खराद बंद हाय. मळसूत्र धरलंय." त्याला पटलं नाही. त्यानं पोती ओढून काढायला लावली, गोणपाट फेकलं, चाकाला हिसडे दिले. चाक हललं नाही. तरी त्याचा संशय जाईना. त्याच वेळी मी रानातून आले. डोक्यावर गवताचा भारा, आणि समोर तुम्ही हात जोडून उभे. भारा टाकला आणि तुमच्यावरच तोंड सोडलं. म्हणाले, विचारा, विचारा यांना खरादाचं काय झालं ते. बाप-आज्याचं लोखंड यांनी गंजवलं, एक दिवस तेल घातलं नाही, माझ्या मायला रानात खुरपायला लावून मारलं आणि हे उंबऱ्यावर बसून तासतायत. माझं तोंड थांबेना. मुकादम हसला. म्हणाला, "मिस्त्री, तुझ्या पोरीनं तर तुझी पार साल काढली." आणि निघून गेला. तुम्ही गोणपाट उचलून परत खरादावर टाकलंत. माझ्याकडं बघितलं नाहीत.

मी जे बोलले त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. मला जे दिसत होतं ते मी बोलले.

पुढं लष्कर आलं, राज्य बदललं. आणि आठवडाही गेला नाही तोवर दुसरी माणसं आली. ही आपल्यातलीच, ओळखीची, तुम्हाला मामा म्हणणारी. त्यांनाही सोटेच पाहिजे होते. कुणाला मारायला ते त्यांनी लपवलंही नाही. तुम्ही परत तेच म्हणालात, मळसूत्र धरलंय. त्यातला एकजण माझ्याकडं वळून म्हणाला, "खरंय का गं शेवंता?" मी म्हणाले, "कवाच मेलाय तो खराद. यांनीच मारला." ते गेले. त्यांना सोटे दुसरीकडं मिळाले. बैलांच्या खुरांना पत्र्या मारणाऱ्या करीमचाचांचं घर त्यांनी फोडलं, भाता फाडला, आणि चाचा बायका-पोरं घेऊन आळंदकडं पाहुण्यांत पळाले. थंडी पडल्यावर परत आले, भिंती उभ्या केल्या आणि काही न झाल्यासारखं ऐरणीपुढं बसले. तुम्ही रोज संध्याकाळी त्यांच्याकडं जाऊन बसायचात. मला वाटायचं, दोन म्हातारे, बोलत असतील जुनं.

वर्ष सरून दुसरी थंडी आली आणि माघात तुमची छाती भरली. शेवटच्या दिवशी तुम्ही पाणी मागितलंत आणि शेळी बांधली का विचारलंत. बांधली म्हणाले. डोळे मिटलेत. बस, एवढंच.

तेरावं झाल्यावर दामू म्हणाला, "लोखंड सोलापूरला घेऊन जातो, भंगारात देतो. जागा तरी मोकळी होईल." मी म्हणाले, "महिनाभर थांब. मी बघते." तो म्हणाला, "आण्णांना जमलं न्हाय ते तुला जमंल?" मी म्हणाले, आण्णांनी केलंच कधी?

तो गेला आणि मी पोती उतरवली. गोणपाट कुजून लोखंडाला चिकटलं होतं. ते खरवडलं. मुंडक्याला वरून घासलेट सोडलं, कापडाच्या चिंध्या भिजवून मळसूत्राला गुंडाळल्या, दिवस जाऊ दिले. चाकाला दोन्ही हातांनी लटकले. हललं नाही. लाकडी ठोकळा लावून हातोडीनं टिचक्या मारल्या. हललं नाही. एक दिवस संतापून चाकाच्या आऱ्यातून पहार घातली आणि जोर दिला, तर आराच तुटला. मी तिथं बसून तुमच्या नावानं शिव्या दिल्या, आण्णा. शेजारची सुभद्राकाकू कुडावरून बघत होती, तिनं कानावर हात ठेवले.

मग तुम्ही नको म्हणालात तेच केलं. शेगडीत कोळसे फुलवले आणि मुंडक्याखाली सरकवले. एकदम नाही, हळूहळू, दूर धरून मग जवळ, लापशी आटवावी तसं. मळसूत्राला ओलं फडकं गुंडाळलं, म्हणजे बाहेरचं तापेल आणि आतलं गार राहील. बीड काही तडकलं नाही. पण थोड्या वेळानं मळसूत्राच्या आट्यांतून पिवळं काहीतरी पाझरायला लागलं. राळेसारखं चिकट. आणि वास आला. वास ओळखीचा. करडीच्या तेलाचा.

मी शेगडी मागं ओढली.

आण्णा, खरादाला करडीचं तेल घालायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलं. ते वाळून डिंक होतं, मळसूत्र धरतं, एरंडीचंच घालायचं. मी एकदा चुकून करडीची बुधली उचलली तर तुम्ही ओरडला होतात. मग हे आत गेलं कसं? आणि थेंब दोन थेंब नाही, भरभरून. मी मुंडकं सगळीकडून घासायला घेतलं. राख आणि विटेचा चुरा लावून घासलं. खालच्या अंगाला, हात घालून चाचपल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी, बिडाच्या काळ्यात एक बारीक गोल चकाकला. आरपार भोक पाडून पोलादाची खुंटी ठोकलेली, वरून कानसून सपाट केलेली, काजळी चोळून लपवलेली. ती खुंटी मळसूत्रातून गेली होती. गंज तिच्यानंतरचा.

बिडात असं भोक पाडणारा बरमा गावात एकाकडंच होता. मी हात न धुता करीमचाचांकडं गेले. ते बैलाच्या खुराला पत्री बसवत होते. मी म्हणाले, "चाचा, खरादात खुंटी कुणी ठोकली?"

त्यांनी खूर सोडला. बैलाला बाजूला बांधलं. मग म्हणाले, "बस, बेटा."

"बसत न्हाय. सांगा."

"बरमा माझा. खुंटी मी घडवली. ठोकली तुझ्या बापानं. करडीचं तेलबी त्यानंच ओतलं." ते ऐरणीवर हात टेकून सांगत होते. "गढीवर सोटे जमवायचं चाललंय हे त्याला आधीच कळलं होतं. मला म्हणाला, करीम, आज हे सोटे करून दिले तर कुणाच्या डोस्क्यात बसतील? आपल्याच गावाच्या. आणि न्हाय म्हणालो तर घर जाळतील. तवा खरादच मेला पाह्यजे. मी बोललो, नुसता पट्टा काढून ठेव. तर बोलला, दुसरा पट्टा ते घेऊन येतील. मुंडकंच धरलं पाह्यजे."

"आणि नंतर? तुमच्या घरावर आले तेव्हा?"

"तवाबी तेच. माझं घर तरी फुटलंच. पर तुझ्या बापाच्या, सोपानच्या खरादाचा सोटा त्यात न्हवता." त्यांनी ऐरणीवरची राख पुसली. "मी नंतर म्हणालो, आता काढू खुंटी. तर बोलला, लोकांचे हात अजून गरम हायत, थंड होऊ दे. होता होता तोच गेला."

"मला का न्हाय सांगितलं?"

चाचा परत बैलाकडं वळले. मी परत विचारलं. तेव्हा म्हणाले, "मी त्याला बोललो होतो, पोरीला सांग. तो म्हणाला, शेवंताच्या पोटात खोटं टिकत न्हाय, तिच्या तोंडावर दिसतं. तिला खरंच राग येऊ दे. ती चारचौघांत मला बोलली, की लोकांना पटंल." मग हळूच म्हणाले, "आणि पटलं, बेटा. मुकादम तुझ्या बोलण्यावर परत गेला."

आण्णा, तिथून मी घरी कशी आले मला आठवत नाही.

म्हणजे माझा राग तुम्हाला पाहिजे होता. मी रानातून यायची वेळ तुम्हाला माहीत होती, माझं तोंड तुम्हाला माहीत होतं. मी आयुष्यात जे खरं बोलले ते तुम्ही खोट्याला टेकू म्हणून लावलंत. करीमचाचांना सांगितलंत, मला नाही. बरं, मला नाही तर नाही. मायला? ती बाई बांधावर खोकत तुम्हाला आळशी म्हणायला तयार नव्हती, कारण शोधत होती. तिच्या कानात एक शब्द टाकला असता तर ती हसत खुरपायला गेली असती. तुमच्यासाठी तिनं आणखी दोन रानं खुरपली असती. आता तिला कोण सांगणार? तुम्ही गाठलं असेल तिला, तर तिथं तरी 'बघू' म्हणू नका.

गावात कळलं तसं लोक यायला लागले. म्हणाले, सोपान मिस्त्री म्हणजे मोठा माणूस. माहीत आहे मला. तुमच्यासारखा बाप मिळाला हे भाग्य, हेही मला कळतं. दोन्ही बाजूंना तुम्ही एकच उत्तर दिलंत, हे करणारा गावात दुसरा नव्हता. आणि तेव्हा तोंडावर नाही म्हणाला असतात तर आज हे सपर उभं नसतं, तेही कळतं. पण कळलं म्हणून राग जात नाही. गावासाठी तुम्ही मोठे झालात. घरात तुम्ही आम्हाला परकं केलंत.

खुंटी काढायला चाचा येतो म्हणाले. मी म्हणाले, फक्त तुमचा पोलादी पंच द्या. खालून पंच लावला आणि हातोडी मारली. बापाला बोलायला मिळेना, तर हातोडीनंच बोलले. खुंटी सुटली. मग परत कोळसे, परत घासलेट. तुटलेल्या आऱ्याच्या चाकाला लाकडी दांडी बांधली. आधी केसभर हललं. मागं घेतलं, पुढं घेतलं, एरंडीचं तेल सोडलं, परत मागं. पिवळा डिंक गुठळ्यांनी बाहेर पडत होता. आणि परवा दुपारी मळसूत्र शेवटापर्यंत निघून माझ्या हातात आलं. आटे शाबूत आहेत. फक्त मधोमध तुमच्या खुंटीचं भोक. ते तसंच राहील, कामाला त्याचा अडथळा नाही. मी सगळं पुसून परत बसवलं, बाभळीचा तुकडा धरला, एका पायानं पाटी मारली आणि पटाशी लावली. गाव हसलं नाही. सुभद्राकाकू तेवढी म्हणाली, "अगं, बाईमाणसानं?" आणि मग तिनंच एक रवी करायला सांगितली.

आज सकाळी एकजण आला. नाव घेत नाही, तुम्हाला मामा म्हणणाऱ्यांतलाच. मागं त्याची माणसं उभी. त्यांचं आता जमिनीवरून चाललंय, चाचांच्या भाऊबंदांनी सोडलेली रानं कोण कसणार यावरून. म्हणाला, "शेवंताआक्का, खराद सुरू झाला म्हणं."

मी पाटी थांबवली नाही. म्हणाले, "झाला."

"बरं झालं. बाभळीचे सोटे पाह्यजेत. लाकूड आमी आणून टाकतो."

आण्णा, तुमचं उत्तर मला देता येत नव्हतं. चाक माझ्या डोळ्यांपुढं फिरत होतं, आता धरलंय म्हणायला जागा नव्हती. मी पाय काढला. चाक थांबेपर्यंत थांबले. मग उभी राहिले, पटाशी हातातच होती. म्हणाले, "खराद चांगला चालतोय. सोटे या खरादावर व्हणार न्हाईत. आजबी न्हाय, उद्याबी न्हाय. रवी पाह्यजे, लाटणं पाह्यजे, घरात पाळणा हलणार असंल तर खूर पाह्यजेत, सांगा. करून देते."

तो हसला नाही. मागची माणसं खाली बघायला लागली. करीमचाचांचा घण पलीकडं थांबला होता, म्हणजे तेही ऐकत होते. तो एक पाऊल पुढं आला. मग म्हणाला, "हे असं बोलायला बापानं शिकवलं व्हय?"

"न्हाय," मी म्हणाले. "बापानं मला काहीच सांगितलं न्हाय."